आधी कोपर, मग केस

रोह्याच्या बाजारात कडव्या वालाची टोपली घेऊन बसणारी एक मावशी होती. वाल मागा, लगेच मापून द्यायची. तांदूळ मागा, तेही द्यायची. पण टोपलीच्या तळाशी फडक्यात बांधून ठेवलेली, केस धुवायची शिकेकाईची पूड मागितली, की म्हणायची, "हात दे." हात पुढे केला की बाही वर सरकवायची. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे हात दुमडतो तिथे, चिमूटभर पूड पाण्यात कालवून लावायची, मनगटाला पांढरा दोरा बांधायची आणि सांगायची, "उद्या ये." पूड आज मिळायची नाही. साहेबाची बायको असो की मासळीवाली, सगळ्यांना उद्याच.

त्यामुळे अख्खा बाजार तिला उद्यामावशी म्हणायचा. तोंडावर नव्हे, तोंडावर नुसतं मावशी. पण हे नाव तिला ठाऊक होतं आणि त्यावर तिचं काही म्हणणं नव्हतं. खरं नाव द्रौपदी. राहायला निडीला. नवरा गेल्यावर थोडं भात आणि भातामागून वाल, एवढं ती एकटीच पिकवायची, आणि बाजाराच्या दिवशी डोक्यावर टोपली घेऊन रोह्याला यायची. दोरा कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. "दोरा दिसला की तिथं धुवायचं नाय, एवढं तरी बायांच्या ध्यानात राहतं," ती म्हणाली. बँकेत बदलून आलेल्या एका साहेबांच्या पुण्याच्या पत्नीने चार-पाच बायकांच्या हाताला तो दोरा पाहिला आणि माझ्या आईला विचारलं, "अहो, इथे हे कुठलं व्रत करतात?" आई म्हणाली, "न्हाण्याचं."

माझी तिच्याशी गाठ पडली ती माझ्या डोक्यामुळे. मी तेव्हा बारा वर्षांची होते. वडील कंपनीत शिफ्टमध्ये कामाला लागले आणि आम्ही वरसेला राहायला आलो होतो. माझी कातडी जन्मापासूनच नाजूक. नवीन कापड अंगाला लागलं की पुरळ, डास चावला की गांधी. त्या वर्षी सगळं डोक्यात उतरलं. खपल्या धरायच्या, खाजवलं की पाणी यायचं, सकाळी उशीवर केस दिसायचे. माझ्या कमरेपर्यंत दोन वेण्या होत्या आणि माझ्यात मिरवण्यासारखं तेवढंच होतं. गणितात मी ढ होते, गळा बेसूर होता. वेण्या मात्र होत्या.

आईने काय काय केलं नाही! घरी येणारी प्रत्येक बाई एकेक उपाय सांगून जायची आणि आई तो त्याच दिवशी करायची. लिंबू चोळून झालं, कडुलिंब वाटून झाला, आंबट दही झालं, कांद्याचा रस झाला. एका शेजारणीने रॉकेल सांगितलं, नसलेल्या उवांसाठी, तेही झालं. त्यावर मोगऱ्याच्या वासाचं तेल, कारण पोरीच्या डोक्याला रॉकेलचा वास येऊ नये. आई मोठ्या प्रेमाने माझं डोकं भाजून काढत होती. रोह्यातल्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि बाकी सगळं बंद करा म्हणून सांगितलं. आईने मलम लावलं आणि बाकी काहीही बंद केलं नाही.

शेवटी आत्या आली. आत्याला घोळ घालत बसायची सवय नव्हती. तिने माझं डोकं पाहिलं आणि म्हणाली, "एकदा तुळतुळीत करून टाका, कटकट नको." न्हाव्याला रविवारी बोलवायचं ठरलं. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी बाजाराचा वार होता. आईने माझा हात धरला आणि मला उद्यामावशीपुढे नेऊन उभं केलं.

मावशीने माझं डोकं उन्हाकडे वळवलं. बराच वेळ पाहिलं. हात मात्र लावला नाही. मग आईला विचारलं, "काय काय लावलंस गो?" आईने यादी सांगितली. मावशी ऐकत राहिली आणि म्हणाली, "डोकं हाय की वालाचं बिरडं? दिसंल ते टाकत सुटलीस!" आईचा चेहरा उतरला. "डॉक्टर काय म्हणला?" मावशीने विचारलं. आईने खरं काय ते सांगितलं. "मग शहाणा हाय तो. पंधरा दिस त्याचं मलम आणि साधं पाणी. दुसरं बोटभर काय लावायचं नाय. मग पोरीला निडीला घेऊन ये."

"आणि न्हावी?" मी विचारलं.

"न्हाव्याला म्हणावं उद्या ये," मावशी म्हणाली, आणि शेजारची भाजीवाली खो खो हसली. मला हसू आलं नाही. आम्ही औषध मागायला गेलो होतो आणि ही बाई काही न लावण्याचं औषध देऊन मोकळी झाली होती. पण आईने या वेळी ऐकलं. मला वाटतं, बिरड्याचं बोलणं तिला लागलं होतं. आत्या न्हाव्यावाचूनच परत गेली.

पंधरा दिवसांनी खपल्या निम्म्या झाल्या होत्या. त्यानंतर मी पावसाळ्यापर्यंत दर शनिवार-रविवारी निडीला जात होते. शनिवारी कोपर, रविवारी डोकं, असा तिचा क्रम. एका आठवड्याला एकच जिन्नस. पहिल्या आठवड्यात तांदळाची पातळ पेज, गाळून, निववून. ती सोसली. दुसऱ्या आठवड्यात जास्वंदीची पानं पाण्यात हाताने चुरगळून केलेला बुळबुळीत रस. तोही सोसला. तिसऱ्या आठवड्यात भिजवलेली मेथी, तिने कोपराला बारीक पुरळ आलं. चौथ्या आठवड्यात शिकेकाई. रविवारी सकाळी मावशीने दोरा सोडला, कोपर लालभडक झालं होतं. तिने आपली पूड फडक्यात परत बांधली आणि एखाद्या स्थळाला नकार द्यावा तसं म्हणाली, "ही तुझी नाय."

शिकेकाईची पूड विकणारी बाई मला सांगत होती की शिकेकाई तुझ्यासाठी नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं. नेहमीसाठी पेज आणि जास्वंदीचा पाला, एवढी दोनच माझी, असं तिने ठरवून दिलं, वर घरी काढलेलं खोबरेल, तेही केसांना, कातडीला नाही. पाणी कोमट, मनगटावर घेऊन पाहायचं. पुसायला जुनं धोतर, रगडायचं नाही, नुसतं टिपायचं. हे मी आजतागायत पाळते आणि माझ्या वेण्या गेल्या तरी आंबाडा अजून भरघोस आहे, हे माझ्या वयाच्या इतर बायकांकडे पाहून म्हणते.

मला मुळात धीर नाही. आजही मला प्रत्येक गोष्ट कालच हवी असते. एका शनिवारी मी मावशीकडे हट्ट धरून बसले. सोमवारी शाळेत स्नेहसंमेलन होतं, वेण्यांत अबोली माळायची होती, आणि मावशीने आवळ्याचं पाणी म्हणून काही नवं केलं होतं. ते मला आजच्या आज डोक्याला हवं होतं, म्हणजे रविवारी दिवसभर केस वाळले असते. "एक दिवसाने काय होतंय?" मी म्हटलं. "आजच लाव ना मावशी. लाव ना."

मावशी पाट्यावर काही वाटत होती. तिने वरवंटा बाजूला ठेवला.

"माझ्या सुमनचं लगीन होतं," ती म्हणाली. "हळदीच्या दिवशी तिला न्हाऊ घालायची. पूड तयार होती. पण म्हटलं, लेकीच्या केसांना वास सुटाय हवा. कपूरकाचरी आणली, गव्हला आणला. माझ्या पाट्यावर बाया हळद वाटीत होत्या. म्हणून शेजारणीच्या पाट्यावर गेले आन् तिथं वाटलं. तिनं आदल्या दिशी त्याच पाट्यावर टाचेच्या भेगांसाठी बिब्बा ठेचला होता. मला काय ठाव? तसंच नेलं आन् लेकीच्या डोक्याला चोळलं."

"मग?"

"मग काय. उतला बिब्बा. सकाळी मुहूर्ताला पोरीचे डोळे उघडत नव्हते."

बिब्बा ज्यांना उतला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. कातडी सुजते, फोड येतात, आग होते. सुमनचा चेहरा, कान, मान सगळं सुजलं होतं. मुलाकडच्यांनी मुंडावळ्यांच्या आतला तो चेहरा पाहिला आणि मांडवात कुजबूज सुरू झाली. दाखवली एक आणि उभी केली दुसरी, इथपासून मुलीला काही रोग असेल इथपर्यंत. नवरामुलगा पेणचा, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारा. तो म्हणाला, "सूजच आहे ना? उतरंल," आणि पाटावर उभा राहिला, म्हणून लग्न लागलं. हे सगळं मला पुढे इतरांकडून कळलं. मावशीने त्या दिवशी एवढंच सांगितलं की पाठवणीच्या वेळी ती लेकीच्या डोक्यावरचा पदर सारखा करायला गेली, तर सुमन एक पाऊल मागे सरकली. "आई, डोक्याला हात नको," म्हणाली.

"आता येत नाय ती?" मी विचारलं.

"येते की. सकाळी येते, सांजच्याला जाते. ऱ्हात नाय."

"तू तिची माफी माग ना."

"मागितली. ती म्हणते, जाऊ दे आई. पण डोकं काय पुढं करत नाय." मावशीने वरवंटा परत हातात घेतला. "हात दे. उद्या बघू."

मी मुकाट्याने हात दिला. रविवारी कोपर स्वच्छ होतं. आवळ्याचं पाणी लावून घेतलं, सोमवारी अबोली माळली आणि केस दमट राहिल्यामुळे दिवसभर शिंकत बसले.

त्यानंतर तिच्या काही गोष्टींचा उलगडा झाला. तिच्या पाट्याला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. शेजारणी नावं ठेवत, द्रौपदीचा पाटा म्हणजे देव्हारा आहे म्हणून. पूड वाटून झाली की पाटा धुऊन उभा करायची आणि वर गोणपाट टाकायची. वाडीवरची सोनी तिला रानातून शिकेकाईच्या शेंगा आणून द्यायची. सोनीने शेंगांबरोबर एकदा दुसऱ्या कुठल्या झाडाची साल बांधून आणली, तर मावशीने तिला बसवून चहा दिला, पण शेंगा घेतल्या नाहीत. शेंगांतल्या बिया एकेक काढायची, कुटायची आणि मग पूड जुन्या लुगड्यातून वस्त्रगाळ करायची. भरड राहिली तर डोक्याला ओरखडे पडतात, असं तिचं म्हणणं.

आणि पूड बिनवासाची. शिकेकाईचा स्वतःचा जो काय आंबूस मातकट वास असेल तेवढाच, न्हाऊन केस वाळले की तोही जायचा. गिऱ्हाइकं कुरकुरत. कुणी म्हणे, "नागरमोथा घाल गो, वाळा घाल, काय तरी घमघमाट हवा." मावशी म्हणायची, "वासासाठी अबोली माळ, मोगरा माळ. न्हायला वास कशाला?" मला कारण ठाऊक होतं, त्यामुळे तिने हे म्हटलं की मी दुसरीकडे बघायची.

पुढे मी शिकले, मास्तरीण झाले आणि माझं लग्न होऊन मी पेणला गेले. निडीला सांगायला गेले तेव्हा मावशीने दोन पुड्या हातात ठेवल्या. वर्तमानपत्रात बांधलेल्या, पांढऱ्या दोऱ्याने. "या सुमनला दे. कासारआळीच्या मागं तिचं घर हाय. केसांला लाव म्हणून सांगू नको हां. गौरी-गणपतीची चांदी घासायला घे म्हणावं."

मी सुमनताईला शोधून काढलं. चाळिशीकडे झुकलेली, हसऱ्या तोंडाची, आणि डोक्यावरून पदर पुढे ओढलेली. नवऱ्याच्या बरोबरीने ती घरच्या कारखान्यात काम करायची. गणपतीच्या सोवळ्याच्या कडा आणि दागिने रंगवणं तिचं. मी पुड्या दिल्या आणि निरोप दिला. ती म्हणाली, "बरं," आणि पुड्या ठेवायला डबा उघडला. डब्यात तशाच पुड्या होत्या, कडुलिंबाच्या पाल्यात नीट रचून ठेवलेल्या. एकीचाही दोरा सुटलेला नव्हता. माझी नजर तिच्या लक्षात आली.

"टाकवत नाय," ती म्हणाली, "आन् लाववत पण नाय."

मग तिने पदर थोडा मागे घेऊन मला भांगाच्या बाजूची बोराएवढी जागा दाखवली, जिथे केस परत आले नव्हते. "कुंकवासाठी आरशापुढे उभी राहिले की सासू अजून म्हणते, बघ तुझ्या आईची आठवण." हे ती रागाने बोलली नाही. पाऊस कधी पडेल हे सांगावं तशी बोलली. मला मात्र राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

तीन वर्षं मी त्या पुड्या पोचवत होते. माहेरी वरसेला गेले की मावशी बाजारात भेटायची, चौकशी करायची. लेक बरी हाय ना? कामाने वाळली तर नाय ना? शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं, "चांदी निघते का चांगली?" मी म्हणायची, "लखलखीत." एवढं खोटं मी आयुष्यात दुसऱ्या कुणासाठी बोललेले नाही.

तिसऱ्या वर्षी सुमनताईच्या शेंडेफळाचं, सात वर्षांच्या छायाचं डोकं बिघडलं. मी पाहिलं आणि मला माझंच डोकं दिसलं. तीच खपली, तेच पाणी. त्या सुमारास दुकानांत शाम्पूच्या पुड्या लटकायला लागल्या होत्या आणि छायाला त्यांचा फेस आवडायचा. डॉक्टरांनी मलम दिलं, शाम्पू बंद केला, महिन्याभरात जखमा सुकल्या. पण पोरगी काही लावलं की परत लाल व्हायची, साबण असो की काही असो. साध्या पाण्याने केसांची जट झाली. सासूबाई म्हणाल्या, "भादरून टाका." छाया माझ्याकडे पळत आली आणि माझ्या पदरात तोंड खुपसून रडली.

मी सुमनताईला म्हटलं, "निडीला चला." तिने पदर पुढे ओढला. मी म्हटलं, "माझं डोकं त्या बाईने वाचवलंय. तुम्ही तुमचं नका देऊ. पोरीचं तरी दाखवा." मी जरा आवाज चढवूनच बोलले असेन. मला धीर नाही हे मी आधी सांगितलंच आहे.

गणपती तोंडावर आले होते, कारखान्यात श्वास घ्यायला उसंत नव्हती. तरी एका रविवारी आम्ही तिघी निघालो. "पाचच्या गाडीने परत," असं सुमनताईने घरी सांगितलं आणि गाडीत मलाही दोनदा सांगितलं.

मावशी आता खूप वाकली होती. लेकीला पाहून दारातच थबकली, मग आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. नातीला उन्हात बसवलं, जशी मला बसवली होती तशीच, आणि जट एकेक केस करून सोडवायला लागली. तास गेला. हाताला कंप होता, पण छाया एकदाही ओरडली नाही. मग मावशी परसात गेली, जास्वंदीची पानं आणली, पाण्यात चुरगळली. सुमनताई ओट्यावर बसून पाहत होती. रस तयार झाला. मावशीने छायाची बाही वर केली, कोपराच्या आत बोट फिरवलं आणि मनगटाला पांढरा दोरा बांधला.

"उद्या," ती म्हणाली.

"उद्या नाय जमणार," सुमनताई म्हणाली. "कारखान्यात गणपती बिनरंगाचे पडलेत. आजच लाव."

"मग नाय लावणार."

मी मनात म्हटलं, मावशी, लाव. लेक वीस वर्षांनी काही मागतेय. नुसता पाला तर आहे. माझ्या डोक्याला चालला, हिच्याही चालेल. लाव आणि एकदाचं तिला खूश कर. मावशीच्या चेहऱ्यावर दिसत होतं की तिलाही तसंच वाटतंय. तिने भांड्यावर ताट झाकलं.

सुमनताई उठून उभी राहिली. "माझ्या वेळंला बरं लगेच लावलंस!"

इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली होती. छाया घाबरून माझ्याकडे पाहायला लागली. मावशी भांड्यावर हात ठेवून तशीच उभी होती.

"म्हणून तर," ती म्हणाली.

मावशी चुलीपाशी गेली आणि भात टाकला. सुमनताई बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. चारच्या सुमारास तिने पिशवीतून छायाचा दुसरा फ्रॉक काढला आणि दोरीवर टाकला, उद्यासाठी. पाचची गाडी आम्हाला न घेता पेणला गेली. मी वरसेला आईकडे गेले, शाळेला रजा सांगायची खटपट केली आणि सोमवारी सकाळी परत निडीला आले.

छायाचं कोपर स्वच्छ होतं. मावशीने दोरा सोडला, नातीला न्हाणीच्या दगडावर बसवलं आणि रस लावला. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेतलं, मग नातीच्या मनगटावर, मग डोक्यावर. जुन्या धोतराने केस टिपले. पोरगी हसत उड्या मारत उन्हात पळाली. मावशी दगडाला हात टेकून उठायला लागली, तोच सुमनताई पुढे आली. तिने आकडे काढले, आंबाडा सोडला आणि आईकडे पाठ करून त्या दगडावर बसली.

मला वाटलं, आता मावशीचे हात लेकीच्या डोक्यावर जातील. मावशीने हात पुढे केला, सुमनताईचं मनगट धरलं आणि बाही वर सरकवली.

"आधी कोपर," ती म्हणाली. "उद्या."

सुमनताईने मागे वळून पाहिलं. मला वाटलं, उठून जाईल. ती आधी हसली आणि मग हसता हसता रडायला लागली, आणि हात तसाच पुढे धरून बसली, दोरा बांधून होईपर्यंत.

मी एकटीच पेणला आले. थेट कारखान्यात गेले. सुमनताईचा नवरा एका गणपतीच्या पायाशी बसून नखं रंगवत होता. त्याने कुंचला खाली न ठेवता विचारलं, "आल्या नाय? मग कधी येणार?" मी म्हटलं, "उद्या." त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मग आपल्या आईला हाक मारून सांगितलं की सोवळ्याच्या कडा आज तो स्वतः करणार आहे.

मावशी त्यानंतर दोन पावसाळे होती. त्या दोन वर्षांत सुमनताई तिच्याकडे राहायला जायची, कधी चार दिवस, कधी आठ. शेवटच्या आजारात तीच उशाशी होती. मला मावशीचं शेवटचं दर्शन झालं नाही, परीक्षा चालू होत्या, आणि ही हुरहुर मला अजून आहे. तिचा पाटा सुमनताईने पेणला आणला. त्यावर गोणपाट असतं.

पण मावशी म्हटलं की मला आठवते ती मंगळवारची संध्याकाळ. सुमनताई स्टेशनवरून परस्पर माझ्या दारात आली, छायाचा हात धरून. भर वस्तीतून ती केस मोकळे सोडून आली होती, डोक्यावर पदर नव्हता, आणि मनगटात पांढरा दोरा तसाच होता. सोडू दिला नाय, म्हणाली. तिने माझ्याकडे पाठ केली आणि केसांची टोकं माझ्यापुढे धरली.

"हुंगून बघ," ती म्हणाली.

मी हुंगलं. कसलाही वास नव्हता.